रजयांबरोबर माळ्यावर गेलेलं पान

मी एक पान बोलतोय. झाडाचं नाही आणि वहीचंही नाही. रजयांच्या एका दुकानाची वेबसाइट आहे, तिच्यावरचं रजयांचं पान मी. मला कपाळ नाही तेच बरं आहे, नाहीतर गेल्या तीन वर्षांत हात मारून मारून ते सुजलं असतं.

माझा जन्म दुकानाच्या वरच्या खोलीत झाला. ही खोली आक्कांची. आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. खिडकीपाशी चटई टाकून त्या दिवसभर हाताने रजया शिवतात. घरात शांत जागा तेवढीच, म्हणून मालकांची सून तिथल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने मला तयार केलं. माझ्यावरची पहिली ओळ तिने लिहिली, 'हाताने शिवलेल्या जाड रजया'. साधी, सरळ ओळ. मला ती फार आवडली होती.

इतक्यात मालक जिना चढून वर आले.

"जाड? जाड काय म्हणतेस! 'उबेचा अखंड वारसा' असं लिही."

"बाबा, पण शोधताना लोक असं लिहीत नाहीत हो."

"नसतील लिहीत. वाचून खूश तर होतील!"

अहो, पण वाचायला आधी कुणी यायला नको का? माझं ऐकतो कोण! 'उबेचा अखंड वारसा' माझ्या माथ्यावर बसला तो बसलाच. त्याच्याखाली मालकांचा फोटो आला, हाताची घडी घातलेला. रजई कुठे, तर मागे कोपऱ्यात. फोटो इतका मोठा की मी पूर्ण उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा.

आता माझं दुखणं समजायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. लोक फोनवर 'डबल बेडची रजई' असं काहीतरी लिहितात आणि समोर दुकानांची यादी येते. ती यादी करणारं यंत्र सतत गस्त घालत असतं. मी त्याला यादीवाला म्हणतो. तो येतो, दार उघडं आहे का पाहतो, आत काय लिहिलंय ते वाचतो, आणि ओळख वाढली की यादीत हळूहळू वर घेतो. हळूहळू! हा शब्द मालकांना कुणी शिकवलाच नाही.

त्यांना शिकवलं होतं ते वेगळंच. हंगाम संपला की माल आवरायचा, हा त्यांच्या वडिलांचा नियम. थंडी सरली की दुकानातल्या उरलेल्या रजयांना ऊन द्यायचं, डांबरगोळ्या घालून त्या माळ्यावर चढवायच्या. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण पहिल्या वर्षी शेवटची रजई माळ्यावर गेली आणि मालक हात झटकत सुनेच्या मागे येऊन उभे राहिले.

"ते पण काढ."

"काय काढू?"

"हे पान. भर उन्हाळ्यात रजया दिसल्या तर लोक हसतील आपल्याला."

झालं, मला बंद केलं. आता मला काय कसर लागणार होती? डांबरगोळ्या तेवढ्या घालायच्या राहिल्या.

उन्हाळाभर यादीवाला येऊन गेला. एकदा आला, दार बंद. पुन्हा आला, दार बंद. शेवटी त्याने माझं नाव खोडलं आणि त्याचंही बरोबरच होतं. मग थंडी आली. ज्या सकाळी मालकांनी स्वतः स्वेटर घातला, त्या सकाळी त्यांनी फर्मान काढलं, "उघडा पान!" म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदायची, आणि वर पाणी का लागत नाही म्हणून विहिरीलाच बोल लावायचे. यादीवाल्याने मला पुन्हा ओळखून यादीच्या सहाव्या पानावर कुठेतरी जागा दिली, तोवर लोक दुसरीकडून रजया घेऊन त्यात गाढ झोपलेही होते.

त्यातून काही शिकावं की नाही? छे! थंडी संपली, डांबरगोळ्या आल्या आणि ये रे माझ्या मागल्या! दुसऱ्या वर्षीही तेच. सून दरवेळी सांगायची, मालक दरवेळी मान डोलवायचे आणि करायचे तेच.

मात्र तिसऱ्या थंडीनंतर मालक आक्कांपाशी येऊन बसले.

"आक्का, हाताच्या रजया कोण विचारत नाही गं आता. अजून एक थंडी बघू. नाहीतर मशिनची तयार ब्लँकेटं आणू. खोकी ठेवायला ही खोली लागेल."

"आणि मी?"

"तू आता आराम कर."

आक्कांनी दोरा दाताने तोडला. "आराम कर म्हणजे मर म्हणालास तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि पुढचा टाका घालायला लागल्या. मालक खाली निघून गेले. मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही. अहो, कोण विचारत नाही असं कसं म्हणता? विचारायला येतात तेव्हा दाराला कुलूप कुणी लावलेलं असतं?

चार दिवसांनी माळा आवरला गेला. मालक नेहमीप्रमाणे वर आले. "ते पण काढ."

या वेळी सुनेने मला बंद केलं नाही. तिने पडद्यावर एक आलेख उघडला. वर्षभरात लोक रजई कधी शोधतात त्याचा. "बघा बाबा. थंडी पडायच्या दोन महिने आधीपासून रेघ चढायला लागते. तेव्हा घराघरात पंखे चालू असतात. तेव्हा यादीत वर दिसायचं तर आत्तापासून उघडं राहायला हवं."

"पंखा लावून रजई शोधतात? काहीतरीच!"

आक्कांनी सुई थांबवली. "मी आत्ता काय करत्येय?"

"काय म्हणजे? शिवत्येस."

"घामाच्या धारा लागल्यात आणि मांडीवर रजई आहे. जन्मभर उन्हाळ्यातच शिवली मी. थंडी पडल्यावर सुई हातात धरली असती, तर तुझ्या दुकानात थंडीत काय विकलं असतंस? तुझं पान बंद करायचं तर माझी खोलीही आजच बंद कर. मग दोघांची एकदम सुटका!"

मालक आल्या पावली जिना उतरले. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं.

मग सुनेने झपाटा लावला. वारसा उतरवला, 'जाड रजया' पुन्हा माथ्यावर आल्या. फोटो लहान केला. फोनवर गिऱ्हाइकं आक्कांना जे विचारायची ते तिने त्यांच्याकडूनच विचारून घेतलं आणि तसंच लिहून काढलं. रजई घरी धुता येते का? अंगावर जड होते का? लहान मुलासाठी कापूस किती घालायचा? आक्का सांगत होत्या आणि मी भरत होतो. अगदी वर एक ओळ आली, 'थंडीच्या रजया आता शिवायला घेतल्या आहेत. माप कळवा.'

पण मालकांना दम कुठे? रोज सकाळी विचारायचे, "आलं का कुणी?" दोन महिने कुणी आलं नाही. एके दिवशी तर त्यांनी फोनवर स्वतःच्या दुकानाचं नाव लिहून शोधलं आणि ओरडलेच, "बघा, यादीत पहिले आपणच!" अहो, स्वतःच्याच घराचा पत्ता विचारल्यावर शेजारचं घर कोण दाखवेल?

यादीवाला मात्र येत होता. दार उघडं पाहून जात होता, पुन्हा येत होता.

आणि भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी पहिला निरोप आला. सुनेने मोठ्याने वाचला, "छोटी रजई हवी आहे. घाई नाही. बाळ थंडीत येणार आहे."

मालकांनी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आक्कांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मऊ कापडाचा तुकडा शोधायला लागल्या.

त्यानंतर रेघ चढायला लागली, तसा मीही चढलो. पाचव्या पानावरून तिसऱ्यावर आणि थंडी पडायच्या आधी पहिल्यावर. मापं येत राहिली. आक्कांचे दोन हात पुरेनात, म्हणून शेजारच्या गल्लीतल्या दोघी जणी शिवायला येऊ लागल्या. खोलीत खोकी ठेवायला जागाच उरली नाही. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, पान उघडं ठेवा!" मी काय बोलणार? सून हसली आणि आक्कांनी दोरा तोडला.

आता ती थंडीही सरली. आज सकाळी उरलेल्या चार रजया माळ्यावर गेल्या. मालक वर आले, मुठीत दोन-तीन डांबरगोळ्या उरलेल्या. सुनेच्या मागे उभे राहिले. तोंडापर्यंत आलं होतं, मला स्पष्ट दिसत होतं. पिढ्यांची सवय ती, अशी थोडीच जाते!

"ते..." म्हणाले आणि थांबले. डांबरगोळ्या खिशात टाकल्या. "ते राहू दे. माझा फोटो तेवढा जरा मोठा कर."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

दुकानदारांनो, तुमचंही एखादं पान असेल तर हात जोडून सांगतो, त्याला माळ्यावर टाकू नका. आम्हाला ओळख व्हायला वेळ लागतो. आणि जमलं तर आमच्यावर स्वतःचे फोटो कमी लावा.

मालक खाली जायला वळले तेवढ्यात आक्कांनी हाक मारली, "जातोस कुठे? नजर पोचत नाही माझी. दोरा ओवून दे." मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, कपाळावर आठी घातली, पुटपुटले आणि चटईवर मांडी घालून बसले. वर पंखा फिरत होता. त्यांनी सुई उजेडात धरली. तिसऱ्या प्रयत्नाला दोरा गेला. आक्कांनी ती सुई घेतली आणि दुसरी पुढे केली.