तेलाविना तीन आठवडे

मानसी अकरा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. त्याचं तिच्या बापाला, हनुमंतला, आता फारसं काही वाटत नसे. पाणी हवं असलं की ती माठाकडं ओढून न्यायची, घराचं तेवढ्यावर भागत होतं. पण ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची, ते त्याला बघवायचं नाही. देहूरोडच्या डेपोतलं काम आटोपून लोकलनं घोरावाडीला उतरला की घर जवळ येईल तसा तो आधी कानोसा घ्यायचा.

स्वमग्नता हे नाव तिला तिसऱ्या वर्षीच मिळालं होतं. नंतर औषधंही देऊन झाली. एकानं ती फुगली, दुसऱ्यानं दिवसभर लाळ गळायला लागली. शेवटी लोणावळ्याच्या एका डॉक्टर मॅडमनी भांगेच्या झाडापासून केलेल्या औषधी तेलाचा विषय काढला.

“म्हणजे गांजाच की,” हनुमंत म्हणाला.

“झाड तेच. पण नशा आणणारा भाग यात नावापुरता आहे,” मॅडम म्हणाल्या. “काही मुलांना गुण येतो, काहींना अजिबात येत नाही. अजून यावर अभ्यास चालू आहे, मी शब्द देणार नाही. आधी रक्त तपासू, मग थेंबाथेंबानं वाढवू. तुम्ही रोज लिहून ठेवायचं.”

घरी हनुमंतच्या आईनं, हिराबाईंनी, कपाळाला हात लावला. “नातीला भांग पाजणार व्हय? लोक काय म्हंतील?”

धाकट्या भावाचं, विक्कीचं, भलतंच. “दादा, बाटली कशाला? माझ्या ओळखीचा एक जण पाला आणून देईल. तुपात कढवू.”

हनुमंतची बायको चैताली कणीक मळत होती. तिनं मान वर केली. “त्यात काय किती आहे, सांगता येईल का भाऊजी?”

“ते कोण मोजतंय, वहिनी?” विक्की म्हणाला.

“मग ते माझ्या पोरीच्या तोंडात जाणार नाही.”

तळेगावच्या एका कारखान्यात चैताली तपासणीला होती. यंत्रातून निघालेला प्रत्येक भाग मापाला लावायचा, बसला तर बसला, नाहीतर बाजूला. हनुमंत तिच्या या सवयीला घरात हसायचा. भाजीवालीचं वजनसुद्धा ती दोनदा बघायची.

तेल सुरू झालं. पहिले तीन आठवडे काहीच नाही. मात्रा वाढवली तर मानसी जेवता जेवता पेंगायला लागली. चैतालीनं त्याच दिवशी मॅडमना कळवलं आणि मात्रा खाली आली. दुसरा महिना सरता सरता हनुमंत एकदा लोकलमधून उतरून घरापर्यंत आला, तरी आवाज नव्हता. मानसी आजीजवळ बसून शेंगा सोलत होती. हिराबाई हळूच म्हणाल्या, “आज सकाळधरनं एकदाबी न्हाई आपटलं.” मानसी आता रात्री झोपायलाही लागली होती, आणि हनुमंत तिला रोज संध्याकाळी स्टेशनापर्यंत फिरवून आणत होता.

हनुमंतनं डेपोत पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात लोणावळ्याला चैताली मॅडमना म्हणाली, “तीन आठवडे तेल बंद करून बघायचंय. चालेल का?”

हनुमंत थक्क झाला. बाहेर आल्यावर तो तिच्यावर बरसला. “तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पोरगी सुखानं बसलीय, तर तिच्यावर प्रयोग करतेस?”

“अहो, जन्मभर द्यायचं म्हटलं तर कशानं बरं वाटतंय ते कळायला नको? तिला बरं वाटावं असं आपल्याला वाटतंय, म्हणून आपल्याला तसंच दिसत असेल.”

मॅडमनी मात्रा हळूहळू उतरवून दिली. चैतालीनं आणखी एक केलं. मानसीच्या शाळेत येसूबाई मुलांना सांभाळत. त्यांना तिनं तेल सुरू झालं त्या दिवसापासून एक वही देऊन ठेवली होती. मानसीनं डोकं आपटलं की एक रेघ ओढायची, बस. तेलाचं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, म्हणजे मनात काही न धरता त्या मोजतील. आता बंद केल्याचंही नाही.

ते तीन आठवडे हनुमंत विसरणार नाही. आठव्या दिवशी धपधप पुन्हा सुरू झाली. चैताली भिंतीला उशी धरून उभी राहायची, मानसीचं डोकं तिच्या हातावर आदळायचं. मनगटं काळीनिळी झाली. “पुरे कर,” तो दोनदा म्हणाला. “अजून पाच दिवस,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून रडली. तेव्हा त्याला कळलं, ही आपल्यापेक्षा कमी घाबरलेली नाही. मग उशीची दुसरी बाजू त्यानं धरली.

शेवटी दोन्ही वह्या मॅडमच्या टेबलावर आल्या. येसूबाईंच्या रेघा तेल लागू पडलं होतं तेव्हा दिवसाला तीन-चार, बंद झाल्यावर आठवड्याभरात वीसच्या वर. घरच्या वहीतही तेच. झोप मात्र तेलाविनाही टिकली होती.

“झोप तेलाची नाही,” चैताली म्हणाली. “हे तिला रोज संध्याकाळी स्टेशनापर्यंत फिरवून आणतात ना, त्याची असेल.”

मॅडमनी दोन्ही वह्यांची पानं शेजारी ठेवून ताडून पाहिली. “मला हे सुचवायचा धीर झाला नसता,” त्या म्हणाल्या.

तेल पुन्हा सुरू झालं. दिवाळीनंतर मॅडमनी अशाच मुलांच्या आईबापांना एकत्र बोलावलं आणि चैतालीला बोलायला लावलं. हनुमंत मागच्या खुर्चीवर मानसीला घेऊन बसला होता. देहूहून आलेल्या एका आईनं विचारलं, “माझ्या मुलालाही गुण येईल ना, ताई?”

“ते मला माहीत नाही,” चैताली म्हणाली. “आमच्या मानसीला आला. तुमच्या मुलाचं कसं बघायचं, एवढं मी शिकवू शकते.”

ती बाई तिच्याजवळ सरकून बसली आणि तिनं पर्समधून पेन काढलं. हनुमंत बायकोकडं बघत राहिला. एवढी वर्षं आपण हिला हसत होतो, याची त्याला लाज वाटली.