अकरावीला बोर्ड असतंय व्हय?

"अकरावीला कुठं बोर्ड असतंय व्हय गं? साऱ्या चुडावा गावात इचारून ये. एक जण जरी हो म्हणला तर मिशी काढून देतो माझी!"

चंद्रभान दारात उभं राहून ओरडायलता आणि राजेश्री चुलीपाशी भाकरी थापायलती. तिनं मान वर केली न्हाई.

"मिशी राहू द्या जागच्या जागी. लेकरू म्हणायलंय बोर्ड हाय, तर असंल."

"असंल म्हणं! आगं, दहावीला बोर्ड, बारावीला बोर्ड. मधली अकरावी म्हणजे बैलाचा पोळा. साऱ्या जगाला ठावं हाय. अन् तुझ्याच पोरीला तेवढं निजामाबादला अकरावीचं बोर्ड निघालं?"

"माझीच व्हय? तुमची कुणी न्हाई?"

ह्याच्यावर चंद्रभाननं आवाज आणखी चढवला. मुद्दा संपला की तो जास्त ओरडतो.

भांडण होतं राजनंदिनीपायी. ही दोघांची एकुलती लेक, सतरा वर्षांची. दहावीला बरे मार्क पडले, डाक्टर व्हायचं म्हणाली. आता आपल्याकडं अकरावीच्या कॉलेजाची काय गत हाय ते सांगायला नको. नाव नोंदवायचं कॉलेजात अन् शिकायचं क्लासमधी. वर्गात बाकं तेवढी हजर असतात. ज्यांच्या खिशात जोर हाय त्यांचे लेकरं लातूरला जातात, नांदेडला जातात. चंद्रभानला ते झेपणारं नव्हतं. तवा राजेश्रीची धाकटी बहीण सुलाबाई म्हणाली, "द्या माझ्याकडं. निजामाबादला कॉलेजात रोज तास होतात." दिली पाठवून तेलंगणात. तिथले नियम काय, परीक्षा कवा, कुणी काही इचारलं न्हाई. मावशी हाय ना, मंग झालं!

साल बरं चाललं. आणि मार्च महिन्यात चंद्रभानचा चुलतभाऊ बन्सीधर स्थळ घेऊन आला. पिंगळीचे पाव्हणे, इतवारी पोरगी बघायला येणार. राजेश्री म्हणाली, "अठरा तरी भरू द्या!" बन्सीधर म्हणाला, "बघून ठिवायला काय जातंय?" चंद्रभाननं पोरीला फोन लावला, शनिवारी निघून ये. पोरगी म्हणाली, "न्हाई जमत बाबा, माझी बोर्डाची परीक्षा चालू हाय."

झालं. तिथनं ठिणगी पडली, आणि फुंकर घालायला बन्सीधर होताच.

"दादा, मी काय बोलत न्हाई," तो म्हणाला. मी काय बोलत न्हाई म्हणणारा माणूसच सगळ्यात जास्त बोलतो, तुमी बगा कधी. "मी काय बोलत न्हाई, पण हिशोब लागत न्हाई. पोरगी दिवसभर फोन उचलत न्हाई. का, तर कॉलेजात फोन चालत न्हाई म्हणं. इतवारी बी कॉलेज म्हणं! मराठीत कशीबशी पन्नाशी गाठलेली पोरगी, तिला चाचणीत संस्कृतला सत्त्याण्णव पडले म्हणं! आता हे बोर्ड म्हणं. दादा, इतके 'म्हणं' एका जागी गोळा झाले की समजायचं, पाणी मुरायलंय."

चंद्रभानला ते पटलं. तरी माणूस अगदीच येडा नव्हता. खात्री करावी म्हणून पूर्णेला गेला, एका कॉलेजाच्या कारकुनाला गाठलं. "साहेब, अकरावीची परीक्षा कोण घेतंय?"

कारकून हसला. "आमीच घेतो. पेपर आमीच काढतो, आमीच तपासतो, पास बी आमीच करतो."

"बोर्ड?"

"बोर्ड बारावीला. कुणी सांगितलं तुमाला? पोरानं का पोरीनं?"

"पोरीनं."

"मंग नीट बगा जरा," कारकून म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

चंद्रभान बाहेर आला तवा त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. घरी सांगितलं, नांदेडला जातो, पाण्याच्या मोटारीचं सामान आणायचंय. आणि बसला निजामाबादच्या गाडीत. चोर रंगेहात पकडायचा! आपल्याच लेकराला चोर धरून माणूस गाडीत बसतो, तवा त्याला खिडकीबाहेरचं काही दिसत न्हाई. ह्याला बी दिसलं न्हाई.

सकाळी निजामाबादला उतरला. पाट्या सगळ्या तेलगूत, एक अक्षर कळंना. त्याला वाटलं गावच आपल्यापासून काहीतरी लपवायलंय. सुलाबाईच्या गल्लीत तो चहाच्या गाड्याआड उभा राहिला, तोंडाला उपरणं गुंडाळून. चहावाला त्याच्याकडं असा बघायलता की जणू ह्योच चोर.

आणि दार उघडलं. राजनंदिनी बाहेर आली. मागनं एक जण आला, अंगात काळं जर्किन, डोक्यावर हेल्मेट. त्यानं स्कूटी काढली, आणि पोरगी मागं बसली की! खांद्यावर हात ठिवून!

"सापडली!" चंद्रभान दात खाऊन म्हणाला. पळत जाऊन आटोत बसला. "वो स्कूटी के पीछे लो, जल्दी!"

स्कूटी थांबली एका कॉलेजाच्या फाटकासमोर. तिथं गर्दी ही! पोलीस उभे, आईबाप उभे, पोरंपोरी हातात कागद घेऊन आत पळायलते. चंद्रभानला ते काही दिसलं न्हाई. त्याला दिसला फक्त तो खांदा. आटोतनं उडी टाकली आणि राजनंदिनीचा दंड धरला.

"बोर्ड व्हय? हे बोर्ड व्हय तुझं?"

"बाबा!" पोरगी पांढरी पडली. "तुमी हितं? बाबा, सोडा, फाटक बंद व्हायलंय!"

"हू दे बंद! आधी सांग, ह्यो कोण?"

ह्यो म्हणजे हेल्मेटवाला. त्यानं हेल्मेट काढलं. आतनं सुलाबाई निघाली.

"दाजी!" ती अशी कडाडली की दोन पोलीस वळून बघायले. "डोकं ठिकाणावर हाय का? हात सोडा तिचा! पेपर हाय तिचा!"

चंद्रभान चपापला. पण चपापलेला माणूस मागं सरला तर माणूस कसला? "पेपरच ना? अकरावीचाच ना? आजचा उद्या देईल! सराला सांगून देईल! आधी खुलासा करा!"

"बाबा, उद्या नसतो हो! हितं नसतो!" पोरगी रडकुंडीला आली. आत घंटा वाजली. शिपाई फाटक ओढायला लागला. राजनंदिनीनं असा हिसका मारला की बापाच्या हातात तिची ओढणीच राहिली, आणि ती उरलेल्या फटीतनं आडवी होऊन आत गेली. फाटक लागलं. कडी पडली.

तेवढ्यात कोपऱ्यावरनं एक पोरगी पळत आली. मागं तिचा बाप, लुंगी सावरत. बस रस्त्यात बंद पडली असं काहीतरी तो तेलगूत सांगायलता. शिपायाला हात जोडले, पोलिसाला जोडले, फाटकाला सुद्धा जोडले. फाटक उघडलं न्हाई. ती पोरगी रस्त्यावर मटकन खाली बसली, आणि असं रडली, असं रडली की बघवंना!

चंद्रभान हातात ओढणी घेऊन बघत राहिला. अरे देवा! एक हिसका कमी पडला असता तर ही पोरगी आपली असती!

"परभणीकडचे का?"

भिंतीच्या सावलीत एक म्हातारा बसला होता. माणिकराव त्याचं नाव. मूळचा देगलूरचा, उभा जन्म निजामाबादला कापडाच्या दुकानात गेलेला. नात आत पेपर देत होती.

"कसं वळखलं?"

"'हू दे बंद' म्हणालाव ना, साऱ्या रस्त्याला ऐकू गेलं. बसा. आता दुपारपर्यंत हलता येत न्हाई."

सुलाबाई स्कूटीला टेकून उभी होती. "बसू नगा दाजी. चोराला उभंच ठिवतेत."

चंद्रभान बसला. खालमानेनं म्हणाला, "आमच्याकडं अकरावीला बोर्ड नसतंय."

"नसतंय, बरुबर हाय. पण हितं अकरावीच नसती. इंटर म्हणतेत हितं. पहिलं साल अन् दुसरं साल. दोन्ही सालाला बोर्ड. पेपर बाहेर तपासतेत. पहिल्या सालाचे मार्क पुढं दुसऱ्यात मिळवतेत, तवा शेवटचा निकाल. तुमच्याकडं जे आरामाचं साल, ते हितं अर्धं आयुष्य."

"अन् ते संस्कृत? सत्त्याण्णव?"

माणिकराव खदखदा हसला. "माझ्या नातीला अठ्ठ्याण्णव हायत, अन् एक श्लोक धड म्हणता येत न्हाई! मार्क पडतेत म्हणून आर्धी पोरं तेच घेतेत. फोन म्हणाल तर कॉलेजात घेऊ देत न्हाईत, अन् इतवारी चाचण्या. पोरी फोन उचलत न्हाईत ते त्याच्यामुळं."

"म्हणजे खोटं न्हाई बोलली."

"खोटं कुणीच बोललं न्हाई. तुमी गावाकडं इचारलं असंल, त्यांनी बी खरंच सांगितलं. पण तुमी परभणीच्या धान्याच्या मोंढ्यात उभे राहिलाव अन् भाव इचारला निजामाबादचा!"

चंद्रभानला राग आला. खरं ऐकलं की येतोच. "देश एक हाय ना? मंग शाळा येगळ्या कामून? गरिबाला घुमवायला?"

"देश एक हाय, पण पेरणी साऱ्या देशात एका दिवशी होती का? पाऊस येगळा, माती येगळी. तशी शाळा ज्या त्या राज्याच्या हातात. पुस्तक येगळं, परीक्षा येगळी, सुट्टी येगळी. हे चांगलं का वाईट ते दिल्लीवाले बघतील. आपण येगळं हाय हे तरी बघायला नको का?" म्हातारा थांबला. "पोरीला पुढं काय करायचंय?"

"डाक्टर."

"मंग एक सांगा. तुमच्या राज्यातल्या सरकारी जागेला दहावी-बारावी तुमच्याच राज्यातनं लागती म्हणतेत. हितल्या जागेला हितं बरेच वर्ष शिकलेलं लागतं. तुमची पोरगी बारावी हितं करंल, तर ती कुठली?"

चंद्रभानच्या तोंडचं पाणी पळालं.

"धड इकडची न्हाई, धड तिकडची न्हाई," माणिकराव म्हणाला. "मी काय नियमाचं पुस्तक न्हाई. नियम दरसाल बदलतेत, दोन्हीकडं जाऊन इचारा. पण पाव्हणं, शक घ्यायचा तर ह्या नियमावर घ्यायचा व्हता. पोरगी धाडली तवाच दहा जणाला इचारायचं व्हतं. तिथं तुमी डोळे मिटले, अन् लेकराच्या मागं मात्र आटो करून आलाव!"

 ऊन भिंतीवरनं पायावर आलं तरी चंद्रभान फाटकासमोरनं हलला न्हाई.

पेपर सुटला. राजनंदिनी बाहेर आली, लांबच उभी राहिली. बापानं ओढणी पुढं केली. तिनं घेतली.

"कसा गेला पेपर?"

"सुरवातीची दहा मिनटं वाया गेली. एक सवाल सुटला."

चंद्रभाननं ओठ चावला. मंग म्हणाला, "नंदे, डाक्टरकीच्या जागेला बारावी आपल्याकडनं लागती म्हणं. तुला ठावं हाय?"

"हाय. दिवाळीच्या आधीच कळलं. पुढच्या साली पूर्णेच्या कॉलेजात यायचं मी ठरवलंय. त्याच्यासाठीच तर हे मार्क पायजेत बाबा. अकरावीचा कागदच नसंल तर तिकडं बारावीला उभं कोण करंल? बोर्डाची परवानगी बी काढावी लागती."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

पोरीनं बापाच्या डोळ्यात बघितलं. "कवा सांगू? तुमी फोन केला की 'मागं कोण बोलायलंय' हे एवढंच इचारता. 'काय शिकायलीस' असं इचारलं का एकदा तरी?"



तेवढ्यात फोन वाजला. बन्सीधर. आवाजात नुसती गुदगुली. "दादा, वैनी म्हणायल्यात तुमी नांदेडला गेलाव. मला न्हाई का कळत कुठं गेलाव ते? सापडलं का कुणी?"

"सापडला."

"कोण हाय? कोणत्या गावचा?"

"चुडाव्याचा. मीच," चंद्रभान म्हणाला. "पाव्हण्याला सांग, येऊ नका. पोरगी शिकायलीय. अन् तू बी माझ्या दारात 'मी काय बोलत न्हाई' म्हणत यायचं न्हाई."

फोन ठिवला आणि लेकीला म्हणाला, "चल, जेवू. अन् मला सांग, इंटर म्हणजे काय काय असतंय. पहिल्यापासनं सांग. मला काहीच ठावं न्हाई." हे शेवटचं वाक्य म्हणायला त्याला सगळ्यात जड गेलं.

तर मायबापहो, तुमच्यात बी चंद्रभान लय हायत, हात वर करू नका, मला दिसायलेत. लेकरू दुसऱ्या राज्यात धाडता, ऊसतोडीला जाताना संगं नेता, नोकरी बदलली की शाळा बदलता. धाडायच्या आधी तिथली शाळा कशी, परीक्षा कवा, परत आलं तर हितं घेतील का, हे तिथल्या माणसाला इचारा, अन् हितल्या बी. आपल्या गावात नसतंय म्हणजे कुठंच नसतंय असं न्हाई. अन् लेकराची गोष्ट नवी वाटली की आधी त्यालाच खोटं पाडू नका. शक नियमावर घ्या, लेकरावर नगं.

ह्याच्यापुढं बी सांगण्यासारखं लय हाय, पण मला आता निघायचंय.