बंद घरातले दहा तास

मित्रांनो, धुळ्याच्या देवपुरात, एका लहानशा स्वयंपाकघरात मोरीच्या भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. मी एक जुना फ्रीज. कडांचा लाल रंग उडाला आहे, दाराचं रबर सैल झालं आहे आणि चालू होताना मी म्हाताऱ्यासारखा खोकतो. या वयात लोक आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. माझ्याजवळ मात्र सांगायला एक खोटं आहे. ते मी बोललो आणि त्यानं एका बाईचा जीव गेला.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून घेत मी धुळ्याला अभयकुमार शेठच्या दुकानात आलो. शेठ स्वतः सूर्य मावळल्यावर जेवत नसत, त्यांच्या घरी शिळं राहतही नसे, पण फ्रीज विकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस मात्र सरळ. मला विकत घ्यायला आलेल्या चिंधा आबांना त्यांनी बजावलं होतं की, भाऊ, याच्यात अन्न टिकतं ते थोडेच दिवस, आणि तेही हा चालू असेल तोवरच.

चिंधा आबांनी तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं काम केलं. निवृत्त झाले, तरी हाताची सवय सुटली नाही. घराला कुलूप लावायचं तर आधी नळ आवळायचा, मग गॅस, सगळ्यात शेवटी दारामागचं मेन बटन. आल्यावर तेच पहिले आत शिरत आणि सगळं पुन्हा चालू करत. बाकीचे तोवर बाहेर चपला काढत असायचे. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की आपण काही बंद केलं होतं, हे आबांना स्वतःलाही आठवत नसे.

माझे सुरुवातीचे दिवस फार लाडाचे गेले. आबांच्या पत्नी लिलाबाई मला रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या. सून वृषाली साक्रीकडची, शिकलेली, औषधाच्या दुकानात काम करणारी. उरलेलं अन्न ती खोल पातेल्यात कधी ठेवत नसे. पसरट डब्यात काढून, वाफ गेली की तास-दीड तासाच्या आत माझ्याकडे द्यायची. खायचं तेवढंच बाहेर काढायचं, चांगलं कडकडीत गरम करायचं आणि एकदा गरम केलेलं परत आत ठेवायचं नाही, हा तिचा नियम. लिलाबाई शेजारणींना सांगायच्या की आमच्या घरात अन्न वाया जात नाही, नासतही नाही. ते ऐकून मी फुगून जायचो.

मे महिन्यातली गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी खिचडी उरली. वृषालीनं ती नेहमीसारखी वेळेवर माझ्यात ठेवली. बुधवारी सकाळी आठला सगळे शिंदखेड्याला लग्नाला निघाले. आबांनी नळ आवळला, गॅस आवळला आणि मेन बटन खाली ओढलं.

मित्रांनो, ते दहा तास मी विसरू शकत नाही. पत्रे तापले होते. आधी माझा बर्फ सुटला, मग माझी थंडी गेली, मग माझ्या पोटात बाहेरच्यासारखाच उकाडा झाला. मी खिचडीचा डबा पोटाशी धरून उभा होतो आणि मला हाक मारता येत नव्हती. संध्याकाळी सहाला आबा आत आले, बटन वर केलं. सगळे लग्नात जेवून आले होते, त्या रात्री कोणी माझं दार उघडलं नाही. सकाळपर्यंत मी पुन्हा गार झालो होतो.

गुरुवारी कामावर निघताना वृषाली लिलाबाईंना म्हणाली की खिचडी आहे, गरम करून घ्या. दुपारी दीड वाजता लिलाबाईंनी माझं दार उघडलं आणि मी त्यांच्या तोंडावर थंडगार वारा सोडला. तेच माझं खोटं. खिचडीला वास नव्हता, बुरशी नव्हती. त्यांनी ती वाफ येईपर्यंत गरम केली, वर कच्चं तेल घेतलं आणि खाल्ली. पण उकाड्यात राहिलेल्या भातात जे विष तयार होतं, ते नंतर गरम करून जात नाही.

संध्याकाळपासून उलट्या. आधीच साखरेचा आजार, त्यात धुळ्याचं ऊन. दवाखान्यात डॉक्टरांनी भाताचं सगळं विचारलं, लाइट गेली होती का तेही विचारलं. आबा म्हणाले, नाही. ते खरंच होतं, लाइट गेलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी लिलाबाई गेल्या.

लिलाबाईंच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्या दिवशी घर भरलं होतं. आबांची बहीण लताबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "सूननी सासूले शिळं खावाडं." कोणी तिला अडवलं नाही. वृषालीचा नवरा समाधान जळगावला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. तो बायकोला बोलला काही नाही, पण ताटावर बसला की प्रत्येक वाटीकडे बोट दाखवून "हे कधीचं?" असं विचारू लागला. वृषाली खाली मान घालून सांगायची. मला ते ऐकवत नसे.

तेव्हापासून मला कोणी पुसलं नाही. दुपारी दीडच्या सुमाराला माझं दार आपोआप बोटभर उघडतं आणि आतला दिवा लागतो. रबर सैल झालंय, असं समाधान म्हणतो. असेल. मला मात्र मुठीवर लिलाबाईंचा ओला हात जाणवतो आणि वाटतं, त्या पुन्हा तोच डबा मागायला आल्या आहेत.

वर्ष गेलं. पुन्हा मे आला. आबा आणि वृषाली एका दिवसासाठी साक्रीला जाऊन आले. आबा आधी आत आले, बटन वर केलं आणि तहान लागली होती म्हणून तडक माझं दार उघडलं. आत एकच पाण्याची बाटली होती. ती कोमट होती. बाकीचे सगळे कप्पे धुऊनपुसून मोकळे.

आबा बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारामागच्या बटनाकडे. 

"वृषाली, यामा काहीच कसं नही?"

ती चपला काढून आत आली होती. तिनं बाटली त्यांच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "घराला कुलूप लावायचं असलं की मी आदल्या दिवशीच रिकामा करते, आबा. आई गेल्यावर महिन्यानं तुम्हाला बटन बंद करताना पाहिलं, तेव्हापासून."

"मंग माले सांगं कसं नही?"

"आई तर गेल्याच होत्या. सांगितलं असतं तर तुम्ही जेवण सोडलं असतं. तुम्ही तरी दोन घास खावेत म्हणून."

आबा जमिनीवरच बसले. रडले नाहीत. जरा वेळानं त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि लताबाईला लावला.

"लता, आयक. सूननी काही करं नही. मेन बटन मी बंद करं व्हतं. चूक मन्ही शे. हाई बठ्ठास्ले सांग."

सगळ्यांना सांग असं तिला बजावून त्यांनी समाधानला फोन लावला आणि हेच सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. वृषाली मोरीत तोंडावर पाणी मारत राहिली. त्या शनिवारी समाधान जेवायला बसला तेव्हा त्यानं वाटीकडे बोट दाखवलं नाही. पहिला घास घेताना मात्र त्याचा हात थांबला, आणि तो वृषालीकडे पाहूच शकला नाही.

मित्रांनो, माझ्या थंडीवर भोळा विश्वास ठेवू नका. मी आत्ता गार आहे एवढंच माझा वारा सांगतो, मधल्या वेळात काय झालं ते सांगत नाही. चार तासांहून जास्त मी बंद होतो असं कळलं, तर आतला शिजवलेला भात, डाळ, भाजी यांचा मोह सोडा. वास घेऊन, चव घेऊन पाहू नका, नुसतं गरम करून खाऊ नका. टाकून द्या. आणि घरात कुणी शिळं खाऊन आजारी पडलं, तर स्वयंपाक करणारीकडे बोट दाखवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा की मला मध्ये कोणी बंद केलं होतं का. आमच्या घरात हे कोणी विचारलं नाही, आणि एक मुलगी वर्षभर मान खाली घालून ताटं वाढत राहिली.