मध्ये बोलू नका

अधिकारी बाईंनी हात वर केला. "तुम्ही मध्ये बोलू नका. मला यांच्या तोंडून ऐकायचंय."

खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याची बायको गप्प झाली खरी, पण तोंडाचा पट्टा असा एकदम आवरायचा म्हणजे काय खायचं काम नव्हतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याची वाक्यं तीच पुरी करत आली होती. त्याची जीभ अडायची, हिची कधी अडली नाही. संसार झकास चालला होता.

घात झाला तोही त्यामुळेच. कर खात्याचा माणूस दुकानाच्या पाहणीला आला आणि त्यानं विचारलं, या एवढ्या खुर्च्या कुणाच्या? नवरा "या गि… गि…" करत होता, तेवढ्यात हिनं ऐटीत ठोकून दिलं, "आमच्याच की सगळ्या!" झालं! गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेल्या खुर्च्या विक्रीचा माल ठरल्या. नवऱ्याला कुणी काही विचारलंच नाही. त्याच्यावर कर बसला, आणि भरला नाही तर दुकानाला टाळं. आता सगळी भिस्त या सुनावणीवर होती.

"त्या खु… खु…"

बायकोनं पर्सचा पट्टा मुठीत आवळला. कारकून घड्याळाकडे बघायला लागला. बाई मात्र नवऱ्याकडेच बघत होत्या.

"सावकाश सांगा. मला घाई नाही."

"खुर्च्या गिऱ्हाइकांच्या. लोक टाकून जातात, न्यायला ये… येत नाहीत."

"मग नावाची चिठ्ठी का नाही लावत?"

"लागत नाही. को… कोण कसं बसतं, तशी खुर्ची झिजते. मास्तर उजवीकडे रे… रेलतात. नर्सबाई नुसत्या कडेला टेकतात. बघितलं की कळतं."

"इतके दिवस कुणी आलं नाही, तर विकून का नाही टाकत?"

तो बराच वेळ अडला. बायकोनं जीभ दातांखाली धरली.

"उ… उद्या आले, तर बसतील कशावर?"

बाई हसल्या आणि लिहायला लागल्या. "आधीचा हुकूम रद्द. यांचं ऐकल्याशिवाय तो काढायलाच नको होता. गिऱ्हाइकांना बोलावून नव्यानं पाहणी होईल. तोवर टाळं नाही."

बायकोचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. "फार उपकार झाले, बाई."

"उपकार कसले? आपलं म्हणणं मांडणं हा यांचा हक्कच आहे."

असेल हक्क. तरी त्या बाईंचे पाय धरावेत, असं तिला वाटलं.

खाली कँटीनच्या खिडकीतून विचारणा झाली, "काय देऊ?"

दोघांचं सांगायला तिनं तोंड उघडलं, तसंच मिटलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. आपल्यासाठी कुणी थांबलंय, हे त्याला कळायलाच वेळ लागला. मागची रांग चुळबुळली.

"जरा दम धरा हो," ती मागं वळून म्हणाली. "हे सांगताहेत."

"मला… क… कॉफी," तो म्हणाला.

इतकी वर्षं ती त्याच्यासाठी चहा सांगत आली होती.