फुटायलाच हवा असा दाणा

डब्याचं झाकण टक्कन उघडलं आणि दुपारच्या शांततेत लेक जागी झाली.

"आई, साखर?"

"नाही गं राणी, फरशा बनवायची माती आहे. पाण्यात कालवून, फवारून, गरम हवेत दाणे वाळवलेली."

आधीचे दाणे पोकळ आणि टणक व्हायचे. साच्यात दाबले तरी फुटायचे नाहीत, मग फरशीला तडे जायचे आणि माझे रविवार कारखान्यात. या वेळी मी हवेची धग उतरवली, मातीतला गोंदही कमी केला.

"बाई, फरशीचा भुगा उचलायला सुपली आणू का?" गोंद कमी केल्यावर कारखान्यातल्या मिस्त्रींनी टोमणा मारला होता.

मी दाणा नखाखाली दाबला. तो अलगद पसरला. अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला उद्या, कारखान्यातल्या प्रेसवर फरशी दाबून पाहिल्यावर.

लेकीनंही एक दाबला.

"फुटला! म्हणजे या रविवारी तू घरी ना?"