भरल्या विहारात सोनिया उठली

अवं मीनल, ऐक तं खरी, मधात बोलू नको! आपली सोनिया, नर्सिंगवाली, तिनं बुद्धजयंतीले काय केलं माहीत आहे?

वंदना झाली, पंचशील झालं. पाचवं शील, दारू न पेण्याचं, आलं का तिचे बाबा, शालिग्रामकाका, दरवर्षी मान खाली घालत. रोज पेत होते ना! दिवसभर रेल्वेच्या वर्कशॉपात वॅगनच्या ब्रेकचं काम, अन् सुट्टी झाली का दारू. यावर्षी मात्र उठले, माईक घेतला. म्हणे, "कालपासून सोडली! दवाई नाही, दवाखाना नाही, फक्त शील!" टाळ्या तं अशा का विचारू नको. तिची माय, प्रेमलाकाकू, रडूनच राहिली.

सोनियाची छाती फुगली. पण मंग तिची नजर गेली माईकवर. माईक थरथरून राहिला होता. कूलरसमोर उभे, तरी बाबाच्या कपाळावर घाम! नर्सिंगमधी शिकलेलं तिले आठवलं. बोललं तं बाबाची इज्जत जाते, नाही बोललं तं बाबाच जातील.

उठली.

"बाबा, असं एकदम नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

विहाराचे सेक्रेटरी गौतमकाका भडकले. "वा रे वा! पोट्टी बापाले दारू प्याले सांगून राहिली!"

"नाही काका, सोडाचीच आहे. पण ऐका." तिनं बाबाच्या हातून माईकच घेतला. "डोक्यातल्या पेशी एकमेकींले निरोप देतात. कोणता निरोप म्हणते थांब, कोणता म्हणते पळ. दारू 'थांब'चा जोर वाढवते, 'पळ'ले दाबते. रोज पेलं का पेशी सोताले बदलवून घेतात. 'थांब' कमी ऐकतात, 'पळ' जास्त. अन् एका दिवशी दारूच गायब! मंग उरते नुसतं पळ-पळ. हात कापतात, झटके येतात, माणूस जाऊ शकते."

शालिग्रामकाका म्हणे, "म्हणजे गाडी उतारावर, अन् ब्रेक घिसलेले."

"हव बाबा."

"तं चाल ना पोट्टे, उभी काहून आहेस?"

गौतमकाकानंच स्कूटर काढली. बाबाले मधात बसवलं, मागून सोनियानं घट्ट पकडलं, अन् बुढा तालाबच्या गर्दीतून सूऽऽऽट! डॉक्टरनं लगेच भरती केलं, दवाई सुरू केली. म्हणे, वेळेवर आणलं.

आता दारू सुटून राहिली आहे, अन् काका वार्डात जो येईल त्याले ऐकवतात, "माह्या पोरीनं भरल्या विहारात माह्या हातचा माईक घेतला!" जसं काही पोरीले मेडलच भेटलं!

पण खरं सांग मीनल, सगळे टाळ्या वाजवून राहिले आहेत, मायचे डोळे भरले आहेत, तशात तू उठली असती का वं?