शेवटचा दिवा

"आज तरी जागचा हलू नकोस," बर्फगाडीमागे जोडलेल्या घसरगाडीत निजलेली ओलिंका नवऱ्याला म्हणाली. "विमान दिसलं की तुझ्या पायाला भिंगरी लागते."

वसिलीने तिच्या अंगावरचं कातड्याचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या, कुस्कोक्विम नदीकाठच्या या बिनरस्त्याच्या गावात उतरलेल्या प्रत्येक विमानाला सगळ्यांत आधी तोच गाठायचा. धावपट्टीवरचं बर्फ सारायचं, सामान उतरवून घ्यायचं, यातच त्याचा जन्म गेला. विमानं म्हणजे वसिलीची सासरची माणसं, असं गाव चिडवायचं.

आजचं विमान मात्र ओलिंकाला न्यायला येत होतं. पोटात काहीतरी फुटलंय, रात्रीतच कापावं लागेल, असं दवाखान्यातल्या नेलीने सांगितलं होतं. त्यात वादळाने धावपट्टीचे दिवे गेलेले. मग गावाने नेहमीचंच केलं. घरटी एकेक बर्फगाडी आली आणि दोन्ही कडांना दिवे लावून उभी राहिली. वैमानिकाने दोन रांगांच्या मधे उतरायचं. डाव्या रांगेत शेवटची गाडी वसिलीची, मागे घसरगाडीत ओलिंका.

विमानाची घरघर जवळ आली, तेव्हा इतका वेळ कण्हणारी ओलिंका एकाएकी गप्प झाली. वसिलीने हाक मारली. तिने ओ दिली नाही. समोर विमानाचा दिवा होता; जमिनीलगत भुरभुरणाऱ्या बर्फात चाकं दिसत नव्हती. टेकलं, असं त्याला वाटलं. जन्माच्या सवयीने हात वळला आणि गाडी धावपट्टीच्या मधोमध आली.

विमान टेकलं नव्हतं. वाटेत आलेला दिवा चुकवायला वैमानिकाने ते वळवलं, कडेच्या ढिगात पंख रुतला आणि विमान उलटलं.

वैमानिक हात मोडून बाहेर आला. वसिलीला कुणी चकार शब्द बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ओलिंकाने मधेच डोळे उघडले.

"आलं का रे?"

"येतंय," तो म्हणाला.

दुसरं विमान मागवलं, पण ते निघायच्या आतच ती गेली. आता ते फक्त वैमानिकाला न्यायला येणार होतं. गावाने मोडकं विमान ओढून बाजूला केलं, पुन्हा रांगा लावल्या. नेलीचा नवरा जवळ आला.

"काका, काकूला घरी घेऊन जा. इथलं आम्ही बघतो."

"शेवटचा दिवा माझा आहे," वसिली म्हणाला.

विमान अलगद उतरलं आणि थांबलं. सगळे पुढे धावले. वसिली तेवढा गाडीवर बसून राहिला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.